जेवून आलेला कावळा

हा खांब बघायला आलात ना? बसा त्या उपड्या होडीवर. पण आधी सांगा, जेवून आलात का? खरं काय ते सांगा, लाजू नका. आमच्या खांबवाडीत हा प्रश्न कुणी उगाच विचारत नाही.

खांब म्हणतात, पण ही डोलकाठी आहे, गलबताची. देवळासमोर वाळूत उभी आहे, आणि हिला ना शीड, ना निशाण. वर बघा, हात पोचणार नाही अशा जागी एक फळी आडवी ठोकलीय. त्या फळीवर केळीच्या पानात भाताचा मुटका आहे. सकाळीच बांबूने वर सरकवलाय. कावळे शेजारी बसलेत, चोची पुसतायत, पण भाताला शिवत नाहीत.

दुसऱ्या कुठल्या गावात असं झालं असतं तर लोकांच्या तोंडचं पाणी पळालं असतं. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्या माणसाचा जीव कशात तरी अडकलाय, हे तुम्हाआम्हा सगळ्यांना ठाऊक. इथे मात्र बघा, कावळ्याने पाठ फिरवली आणि आमच्या पोरांनी होड्या पाण्यात लोटल्या. पावसाळा सरल्यावर दर्यात पहिल्यांदा जायचं ते कावळा भात नको म्हणेल तेव्हाच. त्याने खाल्ला तर त्या दिवशी होडी हलत नाही.

कशाला असं, ते सांगते. मी द्वारका कोयंडे. मला सासूने सांगितलं, तिला तिच्या सासूने. नातू बजावून गेलाय, पाव्हण्यांशी शुद्ध बोल गो आजी. बोलते बापडी. पण गोष्टीतली माणसं मालवणीच बोलणार, ती काही माझ्या नातवाला भीत नाहीत.

तर आगबोटी नव्हत्या तेव्हाची गोष्ट. तेव्हा इथली गलबतं दक्षिणेच्या बेटांवर जात. इथून तांदूळ, मिरची न्यायची, तिकडून काथ्या, कवड्या आणि सुके मासे आणायचे. ती बेटं कशी, तर भाकरीसारखी सपाट. डोंगर नाही, टेकडी नाही. लांबून दिसले तर माडांचे शेंडे दिसायचे, नाहीतर बाजूने निघून गेलात तरी कळायचं नाही. पुढे नुसता दर्या. आफ्रिकेपर्यंत पाणीच पाणी, असं जुने खलाशी सांगत.

म्हणून जाताना गलबतावर कावळा न्यायचे. रानटी कावळा पकडायचा, कोंबड्या झाकायच्या डालीखाली ठेवायचा आणि जेमतेम खायला घालायचं. वाट चुकली की सोडायचा. कावळा काही बगळा नव्हे की पाण्यावर बसेल. जमीन दिसली तर तिकडे जातो आणि परत येत नाही. तो गेला तिकडे नाळ, म्हणजे गलबताचं पुढचं टोक, वळवायची. जमीन नसली तर मुकाट्याने डोलकाठीवर येऊन बसतो. एवढं साधं शास्त्र. त्याला नाव द्यायचं नाही आणि हाताने भरवायचं नाही, असा दंडक होता.

खांबवाडीत तेव्हा रवळू तांडेल होता. तांडेल म्हणजे गलबताचा मुख्य. हाताचा चांगला, पण तोंडाचा तिखट. नाकावर माशी बसू द्यायचा नाही. त्याची बायको गोमती. ती काय त्याला भिणारी होती? मुळीच नाही. दोघांचं भांडण ऐकायला म्हणे लोक विहिरीवर कळशी भरून झाली तरी थांबत. आणि दोघांचं एकमेकांवाचून पानही हलत नसे.

गोमतीने एक कावळा पाळला होता. वादळात घरट्यातून पडलेलं पिल्लू, चोच नुसती लाल आणि उघडी. तिने त्याला भात मऊ करून भरवला आणि त्याचं नाव ठेवलं पावणो. पावणो म्हणजे पाहुणा. हा पाहुणा काही गेला नाही. सबंध वाडीभर फिरायचा आणि तिन्हीसांजेला गोमतीच्या पडवीत हजर. कधीकधी भात पुढे ठेवला की तोंड फिरवायचा. मग गोमती कमरेवर हात ठेवून विचारायची, "खय जेवान इलंस रे मेल्या?" कुठे जेवून आलास? आणि खरंच कुठेतरी मासळी सुकत घातलेली असायची.

हाच प्रश्न ती नवऱ्यालाही विचारायची. रवळू कुणाकडे खाऊनपिऊन आला की घरी पानावर नुसता बसायचा, भात चिवडत. गोमती पान ओढून घ्यायची. "खय जेवान इलास, ता सांगा आधी!" मग तो हसायचा आणि भांडण मिटायचं.

एका वर्षी काय झालं, गलबत निघायच्या सकाळी डालीखालचा कावळा निसटला. भरती ओसरायला लागलेली, देवाला गाऱ्हाणं घालून झालेलं, माल भरलेला. आता दुसरा कावळा कुठून पकडणार? कावळ्याची जात शहाणी, एकाला पकडलं की सगळ्या गावाला कळतं. रवळू तरातरा घरी आला, पडवीतला पावणो धरला आणि डालीत घातला.

"माजो कावळो खय नेतास?" गोमती आडवी आली.

"कावळो तो कावळो. तुजो काय नि माजो काय!"

"तो तुमका सोडून खय जावचो नाय. हातचा खाल्लेलो जीव तो. वाट कशी दाखवतलो?"

रवळूने ऐकलं नाही. चार माणसांसमोर बायकोचं ऐकेल तर तो तांडेल कसला! गोमती त्या दिवशी किनाऱ्यावर आली नाही. निरोपाला नारळ दिला नाही की काही नाही. गलबत खाडीबाहेर पडलं तेव्हा ती दाराशी पाठ करून बसली होती, असं सांगतात.

गलबतावर माणसं चार. रवळू स्वतः, सुकाणूवर म्हातारा भागोजी, शिडावर बाबल आणि रांधायला धाकू. अर्धा दर्या बरा गेला. मग आभाळ भरून आलं ते उघडेना. पाऊस नाही, वारा नाही, नुसता वर झाकण ठेवल्यासारखा पांढरा उजेड. रात्री तारे दिसेनात, दिवसा सूर्य कुठे ते कळेना. बेटं यायला हवी होती तो काळ उलटून गेला. पाण्याच्या पिपात हात घातला तर तळ लागायला लागला.

रवळूने पावण्याला सोडला. तो वर गेला, घिरट्या घातल्या आणि त्या पांढऱ्या उजेडात दिसेनासा झाला. चौघांनी हात जोडले. पण कुठल्या बाजूला गेला ते कुणालाच सांगता येईना. आणि दुपार कलली तशी डोलकाठीवर फडफड झाली. बघतात तर पावणो परत!

म्हणजे जमीन नाही. त्यांनी वल्ही मारून गलबत थोडं पुढे नेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडला. पुन्हा परत. तिसऱ्यांदाही तसंच. बाबल रडकुंडीला आला. रवळू वरून शिव्या देत होता, पण आतून त्याला बायकोचे शब्द खात होते.

त्या दिवशी धाकूने आपल्या वाटणीचा मूठभर भात पानात घेऊन कावळ्यापुढे ठेवला. पावणो पुढे आला. भाताकडे बघितलं. मान वाकडी केली. आणि तोंड फिरवून बसला.

धाकूने पान जवळ सरकवलं. पावणो दोन पावलं मागे सरला.

म्हातारा भागोजी सुकाणू सोडून उठला. त्याचा चेहरा कसा झाला असेल बघा. "शिवना नाय," तो म्हणाला. "अरे, ह्यो शिवना नाय!"

आता तुम्ही हसाल. पण विचार करा, आपल्या माणसाला कावळा भाताला शिवत नाही म्हटलं की काय आठवणार? मसणवट. भागोजीने तर सांगूनच टाकलं, आपण कधीचेच मेलो. हा पांढरा उजेड काही जिवंत माणसांचा नव्हे. हा आपलाच पिंड आहे, आणि आपल्यातल्या कुणाचा तरी जीव मागे अडकलाय म्हणून कावळा शिवत नाही. दुसऱ्या कुठल्या मुलखातले खलाशी असते तर म्हणाले असते, कावळ्याला भूक नाही. पण हे पडले आपले लोक!

मग एकेक जण त्या कावळ्यापुढे हात जोडून उभा राहिला, अगदी दहाव्याला राहतात तसा. फरक एवढाच, की दहाव्याला दुसरे बोलतात, इथे ज्याचा त्यानेच आपला जीव कशात अडकलाय ते सांगायचं. धाकू म्हणाला, आईला एकदा काशी दाखवायची राहिली. बाबल म्हणाला, शेजारच्या वाडीतल्या एका मुलीला काहीतरी विचारायचं राहिलं, आणि मेलो असं समजूनही म्हणे लाजला. भागोजी म्हणाला, धाकट्या भावाशी बांधावरून अबोला धरला तो सोडायचा राहिला. प्रत्येकाचं झालं की सगळे कावळ्याकडे बघायचे. कावळा ढिम्म.

उरला रवळू. सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"माजी कसली इच्छा? माका काय नको," तो गुरकावला. पण तिथे कुणापुढे तोरा मिरवायचा? थोड्या वेळाने खाली बसला आणि बोलायला लागला. बायको पाठ फिरवून बसली होती, तिचं तोंडसुद्धा न बघता आलो, म्हणाला. तिचा पाळलेला जीव हिसकावून आणला. मेलो त्याचं काही नाही, पण एकदा तिने पान वाढावं, मी नुसतं चिवडावं, आणि तिने कमरेवर हात ठेवून विचारावं...  त्याने डोळे पुसले आणि तिचे शब्द तिच्यासारखेच म्हटले, "खय जेवान इलास?"

आणि तो तसाच थांबला.

कावळ्याकडे बघितलं. पावणो डोलकाठीवर चोच घासत होता, एकदा इकडून, एकदा तिकडून. जेवण झाल्यावर घासतात तशी.

रवळू ताडकन उठला. "खय जेवान इलंस रे मेल्या?"

बाकीच्या तिघांना वाटलं, तांडेलाचं डोकं फिरलं. पण रवळू गुडघ्यावर बसून फळ्या न्याहाळत होता. आता सांगायला जरा किळसवाणं आहे, पण झालं ते झालं. कावळ्याने जी घाण केली होती त्यात त्याला बिया सापडल्या. बारीक तांबूस बिया, कुठल्या तरी रानफळाच्या. गलबतावर तांदूळ होता, मिरची होती. फळ कुठून येणार?

जमीन जवळ होती. रोज जवळ होती. पावणो रोज तिथे जाऊन पोटभर खायचा आणि रोज संध्याकाळच्या आत घरी यायचा. त्याचं घर आता ते गलबत होतं, कारण त्यावर गोमतीची माणसं होती. रानटी कावळा जाऊन वाट दाखवतो. हा हातचं खाल्लेला, हा जाऊन काय दाखवणार! हा दाखवेल तो येताना.

सकाळी पिपात राहिलेलं पाणी चौघांनी ओठ ओले करण्यापुरतं घेतलं. कावळ्याला दाणा घातला नाही. रवळूने त्याला दोन्ही हातांत धरलं. धाकू म्हणाला, "आज तो थयच रवलो तर?" तिथेच राहिला तर आपलं काय?

"येतलो," रवळू म्हणाला. "गोमतीच्या हातचा खाल्लेलो तो. येतलोच." आणि त्याने हात उघडले.

कावळा गेला. त्याच्या मागे कुणी बघितलं नाही. चौघेजण चार दिशांना तोंड करून बसले. बोलायचं नाही, डोळा मिटायचा नाही, आपली बाजू सोडायची नाही. ऊन नसतानाही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दुपार कलली, तरी काही नाही. बाबलने पुटपुटायला सुरुवात केली, रवळूने त्याला गप्प केलं. आणि मग म्हातारा भागोजी, ज्याला जवळचं दिसत नसे पण लांबचं दिसे, त्याने हात वर केला. बोलायला ओठ सुटेनात, नुसतं बोट. पाण्याच्या कडेवर तिळाएवढा काळा ठिपका होता. ठिपका मोठा झाला, त्याला पंख फुटले, आणि पावणो येऊन डोलकाठीवर बसला. धाकूने भात पुढे केला. पावण्याने तोंड फिरवलं. आणि त्या भरदर्यात चौघेजण पोट धरून हसले.

भागोजीच्या बोटाच्या दिशेने त्यांनी वल्ही मारली. हाताची सालं गेली तरी मारली. माडांचे शेंडे दिसले तेव्हा रवळू नाळेवर डोकं टेकवून बसला. बेटावर वाळूत हातभर खणलं तर गोडं पाणी लागलं. बेटावरच्या माणसांनी त्यांना शहाळी दिली, आणि हाच का तो रोज आमचे मासे पळवणारा चोर, म्हणून पावण्यावर दगड उगारला. रवळू मध्ये उभा राहिला.

गलबत खांबवाडीला परत आलं त्या दिवशी गोमती किनाऱ्यावर होती, पण पाठ करून. राग म्हणजे राग. रवळूने डाल तिच्या पायाशी ठेवली आणि उघडली. तिने कावळ्याला उचललं, त्याचं पोट चाचपलं आणि घराकडे चालू लागली. रवळू तिच्या मागून. घरी पान वाढलं. रवळूने त्या दिवशी तीनदा भात मागितला आणि पानात शीत ठेवलं नाही. तिला काही विचारायची वेळच आली नाही. मग त्याने गलबताची जुनी डोलकाठी आणून इथे रोवली आणि वर फळी ठोकली. लाकूड कुजलं की आम्ही नवं लावतो, पण खड्डा तोच आहे. दर्यात कुठेतरी जेवायला मिळतं, एवढं कावळ्याने सांगितलं की निघायचं.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण दर्या तसा संपू देत नाही.

पुष्कळ वर्षांनी, रवळू म्हातारा व्हायला आला होता, तेव्हा तो बेटांकडे गेला आणि परत आला नाही. गलबतही नाही, फळकूटही नाही. पावणो घरीच होता, पंख थकलेला. गोमतीने वाट बघितली. रिवाजाप्रमाणे बघायची तेवढी बघून झाल्यावर भावकीने दर्भाचा पुतळा करून त्याचे दिवस केले. या इथे, खांबाच्या पायाशी पिंड ठेवला. कावळे आले, म्हातारा पावणोही आला. एकही शिवला नाही.

लोक हात जोडून बोलायला लागले. गोमतीला आम्ही सांभाळू, रवळू, काळजी करू नको. घर शाकारू. देवाचं राहिलं ते देऊ. कावळे नुसते बसलेले. ऊन डोक्यावर आलं, भटजी म्हणाले, आता दर्भाचा कावळा करून शिववूया, दुसरा इलाज नाही.

तेव्हा गोमती उठली. बायकांनी अशा जागी पुढे यायचं नसतं, पण तिला कोण अडवणार? ती पिंडाजवळ आली आणि त्या मुटक्याकडे, चोच पुसणाऱ्या त्या कावळ्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "उठा सगळे. कशाक त्याका आवतणां देतास? तो जेवान इलो."

कुणाला काही समजेना. तिने दर्याकडे हात केला. तिकडे बेटं कितीतरी आहेत, म्हणाली. कुठल्यातरी बेटाला लागला माझा माणूस. कुणीतरी त्याला पान वाढलं. पोटभर जेवलाय, म्हणून शिवत नाही. "उभो जल्म मी त्याका इचारलंय, खय जेवान इलास म्हणून," ती म्हणाली. "आता इचारूचंय नाय."

आणि मग ती रडली. जमलेले सगळेच रडले, पण भीती गेली होती.

ही आख्यायिका खरी की खोटी, मला विचारू नका. माझे हे वादळात गेले तेव्हा माझा थोरला अजून पाळण्यात होता. यांच्या पिंडालाही कावळा शिवला नाही. मी नवस बोलायला तोंड उघडलं, तर सासूने माझा हात धरला. स्वतःचा पोटचा मुलगा गेलेला, पण ओरडली नाही की काही नाही. शांतपणे म्हणाली, "जेवान इलो गो तो." तेव्हा मला तिचा राग आला होता. आता येत नाही. आता रोज भात वाढताना मला बरं वाटतं, की कुठेतरी त्यांचं पोट भरलेलं आहे.

आजही खांबवाडीत कुणी गेलं आणि कावळा शिवला नाही, तर आम्ही त्याला विनवण्या करत नाही, दर्भाचा कावळा करत नाही. घरातली सगळ्यात म्हातारी बाई पुढे होते, दर्याकडे बघते आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणते, "जेवान इलो." मग आम्ही हातपाय धुतो, घरी येतो आणि जेवायला बसतो.